वंध्यत्वाची तपासणी: दोघांची, एकाच वेळी

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही की नवससायास, उपासतापास आणि दवाखान्याच्या खेपा बहुधा सुनेच्याच वाट्याला येतात. वैद्यकशास्त्र मात्र वंध्यत्वाचा विचार जोडप्याच्या संदर्भात करते. गर्भनिरोधक न वापरता नियमित शरीरसंबंध ठेवूनही १२ महिन्यांत गर्भधारणा न झाल्यास त्या स्थितीला वंध्यत्व म्हणतात, आणि स्त्रीने पस्तिशी ओलांडली असल्यास सहा महिन्यांनंतरच तपासणी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा प्रश्न भेडसावतो.

अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून दिलेल्या नमुन्यातील शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहणारी वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त आणि विनाकष्टाची चाचणी असूनही अनेक घरांत तिची पाळी सर्वांत शेवटी, तीही नाखुशीने येते. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने महिन्याभरापूर्वी आलेल्या कडक तापाचा परिणाम आजच्या अहवालात दिसू शकतो, म्हणून एक अहवाल बिघडल्यास चाचणी पुन्हा केली जाते. शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर, पौरुष वाढवण्याच्या समजुतीच्या नेमकी उलट, शुक्राणूंची निर्मितीच मंदावतात किंवा थांबवतात.

स्त्रीच्या बाबतीत पाळी अनियमित असल्यास बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्यात अडथळा असण्याची शक्यता असते. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या असंतुलनातून होणारा बीजकोशाचा विकार, हे त्याचे नेहमीचे कारण असून बहुधा लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी उपचार सुरू होतात. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोगही विसरून चालत नाही, कारण खोकला किंवा ताप नसतानाही तो बीजवाहिन्या, म्हणजे स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या, बंद करतो, आणि औषधांनी जंतुसंसर्ग बरा झाला तरी खराब झालेल्या नळ्या बहुधा पूर्ववत होत नाहीत. नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत, हे गर्भाशयात विशिष्ट द्रव सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रांतून समजते.

किमान एक नळी मोकळी असल्यास निवडक शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा, म्हणजे आययूआयचा, मार्ग उपलब्ध असतो. नळ्या बंद असल्यास शरीराबाहेर फलन घडवणारी आयव्हीएफ पद्धत उपयोगी पडते; तिच्याद्वारे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी बालिका जन्मली होती. शुक्राणू फारच कमी असतील तर एकच शुक्राणू बारीक सुईने स्त्रीबीजात सोडतात. तथापि स्त्रीबीजाचे वय ही तंत्रे मागे नेऊ शकत नाहीत, आणि चाळिशीनंतर स्वतःच्या बीजातून यश मिळण्याची शक्यता झपाट्याने घटते, ही गोष्ट जाहिरातींत क्वचितच आढळते. भारतात सहाय्यक प्रजननाविषयीच्या २०२१ च्या कायद्यानुसार असे उपचार देणाऱ्या केंद्रांना नोंदणी सक्तीची असून उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ वर्षे असावे लागते.