शेलापागोटी आणि भविष्याचा वायदा

धान्याच्या व्यापारात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ‘भविष्य’ या शब्दाची ओढही असते आणि धास्तीही असते. मृगाचा पाऊस वेळेवर येईल काय, तुरीला फुलोरा कसा धरेल, सुगीनंतर ज्वारीची आवक किती होईल, अशा अटकळींवरच आमची पेठ उभी आहे. काही अटकळी बरोबर येतात, काही चुकतात आणि या दोहोंच्या फरकावर घर चालते. तथापि भविष्य सांगण्याचे खरे धाडस पेठेतील तेजी-मंदीवाल्यांत नसून ते दहावीच्या वर्गातील शेवटच्या बाकांवर असते, असे माझे नम्र मत आहे. शाळा सोडण्याच्या सुमारास ही मंडळी आपल्या चाळीस सोबत्यांचे पुढील वीस वर्षांचे भवितव्य प्रत्येकी दोन ओळींत सांगून मोकळी होतात. भांडवल नाही, अनामत नाही आणि मुदत भरल्यावर माल मागावयास कोणी येत नाही. असा निर्वेध वायदा जगात दुसरा नसेल. या विनोदी भविष्यकथनात नफा किती आणि तोटा किती, याचा थोडा हिशेब येथे मांडावयाचा आहे.

आपल्याकडे ही चाल जुनीच आहे. स्नेहसंमेलनात किंवा निरोपसमारंभात ‘शेलापागोटी’ वाटण्याचा कार्यक्रम असे. शेला आणि पागोटे ही वास्तविक मानाची वस्त्रे. परंतु येथे मिळणारा मान चिमटा काढणारा असे. पुढे याच प्रकाराला ‘फिशपाँड’ हे नाव रूढ झाले. आधी काही दिवस फट पाडलेली एक पेटी ठेवावयाची, तीत निनावी चिठ्ठ्या पडावयाच्या, समितीने त्या चाळून घ्यावयाच्या आणि खणखणीत आवाजाच्या एखाद्या विद्यार्थ्याने नाव पुकारून त्या वाचावयाच्या, अशी ही रीत. रोज उशिरा येणाऱ्यास ‘हा स्टेशनमास्तर होईल आणि गाड्या याची वाट पाहत उभ्या राहतील’ असे भाकीत मिळे. अखंड बोलणाऱ्या मुलीस ‘हिची आकाशवाणीवर नेमणूक होताच ध्वनिक्षेपकाचा खर्च वाचेल’ असा आशीर्वाद मिळे.

हा खेळ केवळ आपलाच आहे असे मात्र नव्हे. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुले आज अमेरिकेत शिकत आहेत. तेथील माध्यमिक शाळांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विनोदाला जवळजवळ विधीचे रूप आले होते. वर्गाचा इतिहास, वर्गाचे मृत्युपत्र आणि वर्गाचे भविष्य असे लेख निरोपाच्या दिवशी वाचले जात व शाळेच्या वार्षिकात छापले जात. मृत्युपत्रात जाणारे विद्यार्थी आपले गुण-अवगुण मागे राहणाऱ्यांस दान करीत. भविष्य लिहिणारा, आपण वीस वर्षांनी प्रवासास निघालो आहोत आणि वाटेत जुने सोबती नाना वेषांत भेटत आहेत, अशी कल्पना करी.

शाळेतील नव्हे, परंतु याच जातीचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयातून १९१५ साली १६४ विद्यार्थी बाहेर पडले. त्या वर्षीच्या ‘हॉवित्झर’ या वार्षिकात ओमर ब्रॅडली या विद्यार्थ्याविषयीचा मजकूर त्याच्याच एका सोबत्याने लिहिला होता. याचा वेग असाच राहिला, तर जनरल ब्रॅडली आमच्या वर्गात होते अशी बढाई आम्हांपैकी काहीजण नातवंडांपुढे मारतील, असा त्याचा आशय होता. त्या तुकडीतील ५९ जण सेनापतिपदाच्या विविध पायऱ्यांवर पोहोचले आणि ब्रॅडली यांस १९५० साली पंचतारांकित जनरलचे पद मिळाले. भाकीत लिहिणाऱ्या सोबत्याचे नाव आयझेनहॉवर. तो १९५३ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

हे भाकीत खरे का ठरले? त्याचे उत्तर आमच्या धंद्यातच आहे. पोत्याच्या तोंडाशी हात घालून जो मूठभर दाणे पाहतो, तो फसतो. जाणता व्यापारी पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसतो आणि मधली व तळाची वानगी काढतो. शिक्षकांस मुलाचे गुणपत्रक दिसते, आईबापांस त्याचे घरातले वागणे दिसते. तळचा दाणा मात्र बाकावर शेजारी बसणाऱ्यास ठाऊक असतो. डबा कोण वाटून खातो, उसनी पेन्सिल कोण परत करतो, शिक्षा होताना दुसऱ्याचे नाव कोण सांगत नाही, हे सोबत्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते.

आमची तुकडी १९७६ सालची. बेळगावच्या एका मराठी शाळेतून आम्ही एस. एस. एल. सी.ला बसलो. माझ्याविषयी चिठ्ठी अशी निघाली की, ‘हा पोत्यांवर झोपेल आणि यथावकाश पोत्याच्या भारोभार होईल.’ तिचा पूर्वार्ध त्याच उन्हाळ्यात खरा झाला; उत्तरार्ध खरा होऊ नये म्हणून आमचे डॉक्टर झटत आहेत. उसन्या पेन्सिलीवर एक बिस्किट व्याज घेणाऱ्या सोबत्यास ‘सावकार’ ठरविण्यात आले होते. तो सरकारी बँकेत अधिकारी झाला; म्हणजे व्याज घेणे सुटले नाही, केवळ मालक बदलला. शाळेची घंटा उघडून पाहणाऱ्या उपद्व्यापी मुलास ‘याच्या घरी कधीही शाळा सुटेल’ असे सांगण्यात आले. त्याने पुढे उद्यमबागेत विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचा कारखाना काढला आणि पुष्कळांस रोजगार दिला.

परंतु त्याच पेटीत आणखी एक चिठ्ठी होती. बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाविषयी तीत लिहिले होते की, ‘हा बाजारात लिलाव पुकारील आणि तिसरी बोली होईतो धान्यास कोंब फुटतील.’ सभागृह हसले. तोही हसला. निकाल उत्तम लागूनही वकील होण्याचा आपला मनोदय त्याने पुन्हा कोणापाशी बोलून दाखविला नाही. काकांच्या अडतीवर मागच्या खोलीत बसून चाळीस वर्षे त्याने कीर्द-खतावणी लिहिली. हे सारे एका चिठ्ठीने घडले, असे मी म्हणणार नाही. परंतु पुष्कळ वर्षांनी जुने सोबती एकत्र जमलो, तेव्हा इतरांस आपापली भाकिते धड आठवत नव्हती. त्याने मात्र आपली चिठ्ठी अक्षरशः म्हणून दाखविली. अडखळत, पण एक शब्दही न गाळता. दैवाचा विनोद असा की, कर्नाटकातील बाजार समित्यांत २०१४ पासून संगणकावर लिलाव होऊ लागले. ज्या पुकाऱ्यावरून त्याला हसण्यात आले, तो पुकाराच आता मागे पडला आहे.

दोन्ही प्रकारच्या चिठ्ठ्यांतील भेद सूक्ष्म नाही. घंटा उघडणे ही त्या मुलाची कृती होती. विनोदाने ती वाढवून दाखविली. अडखळणे ही कृती नव्हती. तो त्याचा भोग होता आणि विनोदाने त्यावर खिळा ठोकला. पहिल्या भाकितात वाट मोकळी राहते, दुसऱ्यात ती बंद होते.

आणि वाट मोकळी राहिली म्हणजे काय घडते, हे आमच्या बेळगावास सांगावयास नको. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले आणि चित्रकला सुटली. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान मांडले, मग लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. ‘रंग न ओळखणारा चित्रकार’ ही चिठ्ठी लिहिणे कोणासही सोपे गेले असते. त्यापुढील ओळ लिहिणे कोणास साधले असते? आपल्याच समाजातील कुंभोजचे भाऊराव पाटील यांस शालेय परीक्षांत यश लाभले नाही. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्या शाळांतून लक्षावधी मुले शिकून निघाली.

आता बंधुभगिनींनो, थोडे आपल्या घरात डोकावू. वर्गातील चिठ्ठी एकदा वाचली जाते. घरातील चिठ्ठी रोज वाचली जाते. ‘हा काय, गादीवरच बसणार’, असे आपण पाहुण्यांदेखत हसत म्हणतो. ‘ही दुसऱ्याच्या घरचे डाळ-तांदूळ मोजणार’, असे मुलीविषयी म्हणतो. मग ती मुलगी मुनिमाच्या बेरजेतील चूक बोट ठेवून दाखवीत असली तरीही. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांसही लागू आहे आणि त्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः वडिलार्जित मिळकतीत हक्क मिळाला. कायद्याने तिचे नाव खात्यावर चढविले. आपला विनोद अद्याप जुन्याच वहीतून वाचत आहे. गादीवर बसणे हलके नव्हे. मी स्वतः समाधानाने बसलो आहे. परंतु बसावे की न बसावे, हा सौदा ज्याचा त्याने करावयाचा असतो.

म्हणून ही चाल बंद करावी काय? मुळीच नव्हे. ज्या वर्गात एकमेकांची थट्टा होत नाही, तेथे मैत्रीही फारशी नसते. उलट उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या दिवशी आपल्या मंडळाने शेलापागोट्यांचा कार्यक्रम हौसेने ठेवावा, अशी माझी सूचना आहे. त्यास तीन अटी असाव्यात. पहिली, मुलाच्या करणीवर हसावे. त्याच्या शरीरावर, घरच्या परिस्थितीवर किंवा नापास होण्यावर हसू नये. दुसरी, चिठ्ठीखाली सही असावी. बिनसहीची हुंडी आपण स्वीकारीत नाही, मग बिनसहीचे भविष्य का स्वीकारावे? तिसरी, प्रत्येकाने प्रथम स्वतःविषयीची चिठ्ठी वाचावी.

सर्व चिठ्ठ्या एका लिफाफ्यात मोहोरबंद करून मंडळाच्या कपाटात ठेवाव्यात आणि वीस वर्षांनी त्या तुकडीस बोलावून उघडाव्यात. तेव्हा कोणाचे भाकीत खरे ठरले याचा निवाडा करण्याची गरज नाही. खोट्या ठरलेल्या चिठ्ठ्या जितक्या अधिक निघतील, तितकी ती तुकडी स्वतःच्या पायांनी चालली असे समजावे आणि सर्वांस पेढे वाटावेत. यंदा शाळा सोडून निघालेल्या आपल्या मुलामुलींस माझे शुभाशीर्वाद. त्यांनी आमची भाकिते ऐकावीत, पोटभर हसावे आणि शक्य तितकी खोटी पाडावीत.