अवयव राखून केलेली शस्त्रक्रिया

वृषणाच्या विकारांविषयीं घरांत बोलण्याची आपल्याकडे चाल नाहीं. लज्जा हें भूषण खरें. परंतु रोगाच्या बाबतींत तीच घातक ठरते. म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

लायडिग या जर्मन शास्त्रज्ञानें १८५० सालीं वृषणांतील ज्या पेशींचें वर्णन केलें, त्या टेस्टोस्टेरॉन हा पौरुषाचा अंतःस्राव निर्माण करतात. क्वचित् या पेशींचेंच अर्बुद बनतें. प्रौढांच्या वृषणार्बुदांत त्याचें प्रमाण शेंकडा १ ते ३ इतकेंच आहे. परंतु गांठ लहान असली तरी तिचा स्राव अनावर असूं शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा आवाज फुटतो, अंगावर केस येतात, उंची झपाट्यानें वाढते. घरची मंडळी 'पोर अंगानें भरलें' म्हणून कौतुक करतात! वस्तुतः अशा मुलाच्या हाडांची वाढ वेळेपूर्वींच संपते व पुढें तो खुजा राहण्याची भीति असते. प्रौढांत कित्येकदां इस्ट्रोजेन हा स्त्रीस्राव वाढून स्तन मोठे होतात.

पूर्वीं अशी गांठ आढळली कीं सबंध वृषण काढून टाकीत. कर्करोगाची शंका असतां तें गैर नव्हतें. परंतु हें अर्बुद मुलांत बहुधा निरुपद्रवीच असतें. प्रौढांत सुमारें शेंकडा १० घातक निघतात. म्हणून गांठ लहान असेल व रक्तांत कर्करोगाचीं सूचक द्रव्यें वाढलेलीं नसतील, तर शल्यवैद्य जांघेंत छेद घेऊन वृषण बाहेर घेतात, रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरतात आणि गांठ तेवढी सोलून काढतात. ती गोठवून तत्काल सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. निरुपद्रवी ठरल्यास अवयव जागच्या जागीं ठेवतात; घातक दिसल्यास सर्व काढतात. पुढें कांहीं वर्षें सोनोग्राफीनें नजर ठेवावी लागते, कारण गांठ पुन्हां उद्भवूं शकते.

एका निरोगी वृषणावरही संसार होतो, हें खरें. पण दुसरें आधींच निकामी असेल, किंवा दोहोंतही गांठी असतील, तर राखलेला अंश म्हणजे राखलेला वंश होय.

सुश्रुतानें शस्त्रकर्में आठ सांगितलीं; त्यांत छेदन एक. काय छेदावें याइतकेंच काय राखावें हें जाणणें, यांतच शल्यवैद्याचा विवेक आहे. त्याला अवसर मिळावा म्हणून गांठ लहान असतांनाच त्याच्याकडे जावें. लेप-शेकांत दिवस घालवूं नयेत, आणि मुलांनीं अशी गोष्ट वडिलांस निःसंकोच सांगावी, एवढी मोकळीक प्रत्येक घरांत असावी.