परकी मदत, गावचा कारभार

देवळाली कॅम्प म्हटले की तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, जुने बंगले आणि कोरडी, आल्हाददायक हवा आठवते. शेतीच्या अलीकडच्या इतिहासात मात्र या गावाचे नाव त्याच्या रेल्वेस्थानकामुळे नोंदले गेले. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातील पहिली किसान रेल्वे फळे आणि भाजीपाला घेऊन देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे निघाली. त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळापूर्वी याच लोहमार्गाचा उपयोग नेमका उलट कारणासाठी होत होता. मुंबई बंदरात उतरलेले परदेशी धान्य देशाच्या अंतर्भागात नेण्याचा एक प्रमुख रस्ता थळ घाट चढून इगतपुरी, देवळाली, नाशिकरोड, मनमाड असाच जातो. परक्या धान्यावर विसंबलेल्या देशापासून परराज्यात ताजा शेतमाल धाडणाऱ्या जिल्ह्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हे पाहताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. शेतीसाठी आणि अन्नसुरक्षेसाठी परदेशातून आलेल्या मदतीचा कारभार कोणी आणि कसा चालवावा?

‘मदत’ म्हणजे नेमके काय?

‘अमुक देशाची मदत’, ‘जागतिक बँकेची मदत’ असे शब्द आपण सरसकट वापरतो. प्रत्यक्षात त्यात तीन निरनिराळे व्यवहार दडलेले असतात. पहिला वस्तुरूप मदतीचा. यात गहू, दूधभुकटी, खाद्यतेल असे जिन्नस येतात. दुसरा अनुदानाचा. हा पैसा परत करावा लागत नाही. तिसरा कर्जाचा. हे कर्ज सवलतीचे व दीर्घ मुदतीचे असले तरी अखेर ते करदात्यांच्या पैशातून फेडावेच लागते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी जागतिक बँकेने मंजूर केलेले ४२ कोटी डॉलर हे असेच कर्ज होते. गरीब देशांना जवळजवळ बिनव्याजी कर्ज देणाऱ्या या बँकेच्या शाखेच्या यादीतून भारत २०१४ मध्येच बाहेर पडला. त्यामुळे आता असा पैसा अधिक महाग पडतो आणि तो कसा खर्च होतो, याकडे लक्ष देणे अधिक गरजेचे ठरते.

पैसा कोणताही असो, तो गावापर्यंत एका साखळीतून येतो. देणारी संस्था, केंद्रीय अर्थ मंत्रालय, राज्य सरकार, अंमलबजावणी करणारी यंत्रणा आणि शेवटी गाव, असे हे दुवे असतात. यातील प्रत्येकाचे वर्ष वेगळे असते, ही व्यवस्थापनातली पहिली अडचण. देणाऱ्याला प्रकल्पाच्या पाच-सहा वर्षांत ठरलेली उद्दिष्टे पूर्ण झालेली हवी असतात. सरकारी कार्यालयाला ३१ मार्चच्या आत तरतूद खर्ची पडलेली हवी असते. शेतकऱ्याचे वर्ष मृग नक्षत्राने सुरू होते, आणि बांधबंदिस्तीचे काम रब्बीची काढणी ते पहिला पाऊस एवढ्या मोजक्या दिवसांतच करता येते. ही तीन वर्षे जुळली नाहीत तर पैसा येऊनही काम वाया जाते. मार्चअखेर घाईघाईने घातलेला बांध पहिल्याच पावसात वाहून जाणे, हे ग्रामीण महाराष्ट्राला नवे नाही.

मिलोपासून व्यवसाय करापर्यंत

वस्तुरूप मदतीचा सर्वांत मोठा अनुभव देशाने घेतला तो पी. एल. ४८० या अमेरिकी कायद्याच्या निमित्ताने. अमेरिकेने आपले शिल्लक धान्य मित्रदेशांना सवलतीत देण्यासाठी १९५४ मध्ये हा कायदा केला आणि १९५६ मध्ये भारताशी पहिला करार झाला. धान्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकती करता येत होती. परकी चलनाची चणचण असलेल्या देशाला हा मोठा दिलासा होता. शहरांतील शिधावाटप दुकानांत हा गहू अनेक वर्षे विकला गेला.

१९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दुष्काळी वर्षांत या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसली. १९६६ या एका वर्षात भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले. त्याच सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पुरवठा दीर्घ मुदतीसाठी मंजूर न करता थोडाथोडा मोकळा करण्याचे धोरण स्वीकारले. भारताने शेतीविषयक धोरण बदलावे हा त्यामागचा एक हेतू होता. व्हिएतनामविषयी भारताने घेतलेल्या भूमिकेबद्दलची नाराजीही त्यात होती. कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, हे देशाने तेव्हा अनुभवले. दुसरीकडे, विकल्या गेलेल्या धान्याचे रुपये अमेरिकेच्या खात्यात साठत राहिले. अखेर १९७४ मध्ये अमेरिकी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताच्या हवाली करून हा साठा बहुतांशी निकाली काढला. मदतीच्या धान्याने पोट भरले, परंतु तिच्या हिशेबाचा गुंता सुटायला दोन दशके लागली.

महाराष्ट्राची स्वतःची कसोटी १९७२ च्या दुष्काळात लागली. त्या काळाच्या आठवणी सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात परदेशी लाल मिलो आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी हे शब्द हमखास येतात. मात्र त्या संकटात राज्याने उभारलेली मुख्य तटबंदी धान्याची नव्हती, कामाची होती. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या योजनेचा पैसा परदेशातून आला नाही. त्यासाठी राज्याने खास कर बसवले. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये सुरू झाला, तो याच कारणासाठी. शहरातल्या कारकुनाने खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीत आपला वाटा घालावा, असा तो विचार होता. देणारा आणि घेणारा एकाच राज्याचे मतदार असल्यामुळे गैरकारभाराचा जाब विधिमंडळात विचारता येत होता. परक्या मदतीत नेमकी हीच सोय नसते.

दूधभुकटीचा धडा

परक्या मदतीचे व्यवस्थापन चोख असू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७० मध्ये सुरू झालेला दूध महापूर प्रकल्प. युरोपातील शिल्लक दूधभुकटी आणि लोण्याचे तेल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला देऊ करण्यात आले. पहिल्या टप्प्यासाठी १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन लोण्याचे तेल ठरले होते. एवढा माल फुकट वाटला असता तर देशी दुधाचे भाव कोसळून गवळी आणि शेतकरी देशोधडीला लागले असते.

डॉ. वर्गीस कुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धोका ओळखला. भुकटीपासून बनवलेले दूध मुंबईसह चार महानगरांत रीतसर किमतीला विकायचे आणि आलेला पैसा गावोगावच्या दूध संकलनात, शीतकरण केंद्रांत व सहकारी संघांत गुंतवायचा, अशी योजना त्यांनी आखली. मदतीचा माल आपल्या हाती घेणारे आणि तो कधी, किती, कोणत्या भावाने बाजारात आणायचा हे ठरवणारे महामंडळ भारतीय होते. परकी भुकटी संपली तेव्हा मागे डेअऱ्या आणि संघ उरले.

सिन्नरमार्गे संगमनेर

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. देवळालीहून सिन्नरमार्गे पुण्याच्या रस्त्याला लागले की घाटमाथ्याचा पाऊस मागे पडतो आणि पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख सुरू होतो. पुढे संगमनेर लागते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील हा तालुका इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाशी जवळून जोडला गेला. या जिल्ह्यात अनेक वर्षे काम केलेले स्विस जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या अनुभवातून या कार्यक्रमाची कल्पना पुढे आली आणि १९९२ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले. निधी जर्मन सरकारचा होता. तो के.एफ.डब्ल्यू. या विकास बँकेमार्फत, तर प्रशिक्षणाचे साहाय्य जी.टी.झेड. या संस्थेमार्फत येत असे. भारताच्या बाजूने जबाबदारी नाबार्डकडे होती. गावांना तयार करण्यासाठी १९९३ मध्ये फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ या नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन केली.

या कार्यक्रमात पैशाआधी अटी आल्या. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करणे, ग्रामसभेने पाणलोट समिती नेमणे आणि श्रमदान करून दाखवणे हे गावासाठी सक्तीचे होते. या अटी जर्मनीतून आलेल्या नव्हत्या. राळेगणसिद्धीने त्यांचा वस्तुपाठ आधीच घालून दिला होता. तयारीच्या टप्प्यात गाव थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवी. प्रत्येक शेतावर जाऊन त्या कुटुंबाशी बोलून आराखडा ठरे. डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर नालाबांध, असा ‘माथा ते पायथा’ क्रम पाळला जाई. गाव कसोटीला उतरले तरच नाबार्ड मोठ्या कामाला मंजुरी देई आणि निधी गावसमितीच्या खात्यात येई. अकुशल मजुरीच्या सुमारे १६ टक्के वाटा गावाने श्रमदानातून उचलायचा होता. भूमिहीनांना त्यातून सूट होती.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे यातले बहुचर्चित गाव. एकेकाळी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या या गावात वर्षातून जेमतेम तीन-चार महिने शेतीचे काम मिळे. पाणलोटाच्या कामानंतर ते नऊ-दहा महिन्यांपर्यंत गेले. पुढे १९९९-२००० मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभारला आणि हीच कार्यपद्धती देशी पैशाने इतर राज्यांत नेली. परकी मदत यशस्वी झाल्याची याहून स्पष्ट खूण क्वचितच सापडेल.

उण्या बाजू

अर्थात, सारे काही गोड झाले असे म्हणणे खरे होणार नाही. चराईबंदीचा लाभ जमीनवाल्यांना आधी मिळतो आणि झळ मेंढपाळाला पहिल्या दिवसापासून लागते. दरेवाडीतही यावरून वाद झाला आणि डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा तोडगा निघाला. श्रमदानाचा आणि लांबून चारा आणण्याचा भार अनेक ठिकाणी बायकांवर पडला. याहून गंभीर प्रश्न पाण्याचा आहे. गावाने मिळून मुरवलेले पाणी ज्याच्या शेतात विहीर आहे तो उपसतो. ज्वारी-बाजरीच्या जागी कांदा आणि टोमॅटो येतात, विंधनविहिरींची चढाओढ लागते, आणि दोन अवर्षणांत टँकर पुन्हा दारी येतो. पाणी मुरवण्याचे व्यवस्थापन प्रकल्पाने शिकवले, पण वाटपाचे व्यवस्थापन बहुतेक ठिकाणी अर्धवटच राहिले. प्रकल्पाची मुदत संपल्यावर हा प्रश्न गावाच्या माथी येतो.

देणाऱ्याचा हात निघाल्यावर

परकी मदत कायमची नसते, याची आठवण जगाला नुकतीच झाली. अमेरिकी सरकारची यू.एस.एड. ही संस्था १ जुलै २०२५ रोजी अधिकृतपणे बंद झाली आणि अनेक देशांतील अन्न व शेतीचे कार्यक्रम एका निर्णयाने उघड्यावर पडले. भारताला याची झळ तुलनेने कमी लागली, कारण आपण आता देणाऱ्यांच्या रांगेतही उभे आहोत. भारताने अफगाणिस्तानसाठी ५० हजार टन गहू देऊ केला आणि २०२२ मध्ये त्याच्या वाटपाचे काम जागतिक अन्न कार्यक्रमाकडे सोपवले. जॉन्सन यांच्या काळात घेणाऱ्याच्या बाजूने आलेला अनुभव देणाऱ्याच्या बाजूनेही उपयोगी पडावा.

राज्यात नवा प्रकल्प जाहीर झाला की बातमीत कोटींचा आकडा ठळक असतो. शहरी वाचकाचा त्याच्याशी थेट संबंध आहे, कारण कर्ज त्याच्या करातून फिटते आणि त्याच्या ताटातला कांदा-टोमॅटोही त्याच शिवारातून येतो. म्हणून आकड्यापलीकडचे चार प्रश्न विचारायला हवेत. हे अनुदान आहे की कर्ज? पैसा खर्च करण्याचा निर्णय गावात होतो की वरच्या कार्यालयात? गावाने स्वतःचे काय घातले आहे आणि ज्यांची झळ मोठी त्यांची सोय काय? आणि मुदत संपल्यावर बांधाची डागडुजी व पाण्याची वाटणी कोणाकडे राहणार?

दूध महापुराने यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवून ठेवले होते, म्हणून तो टिकला. दरेवाडीने तिसऱ्या प्रश्नाशी झगडून मार्ग काढला. पाण्याच्या वाटणीचे उत्तर मात्र महाराष्ट्रातील बहुतेक गावांनी अजून शोधायचे आहे. तो निर्णय ग्रामसभेलाच घ्यावा लागेल. तो कोणत्याही परकी निधीतून विकत मिळणार नाही.