बंदुकीचं कपाट आणि त्याची किल्ली

आज आम्ही नागावच्या बचत गटातल्या बायका तुमच्याशी एका कपाटाबद्दल बोलणार आहोत. साड्यांचं नाही, भांड्यांचं नाही. बंदुकीचं.

तुम्ही म्हणाल, आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत बंदूक कुठून आली? पण आपल्यातल्या कितीजणींचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी आहे, ते आठवा. रानडुकरं एका रात्रीत भाताचं शेत तुडवून जातात, माकडं फणस आणि आंबा ठेवत नाहीत. अशा गावांत काही घरांना शेती संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळालेला असतो. कुठे काडतुसाची एकनळी, कुठे जुनी ठासणीची. पूर्वीपासून ती ओटीवर खुंटीला किंवा माळ्यावर गोणपाटात गुंडाळून राहिली. घरात दिवसभर वावरतो आपण, झाडतो-पुसतो आपण, मुलांमागे धावतो आपण. पण ती वस्तू कुठे आणि कशी ठेवावी, हे आपल्याला कुणी विचारत नाही.

आमच्या गटातली एक ताई मे महिन्यात माहेरी गेली होती. दुपारी सगळे आडवे झाले आणि तिचा सात वर्षांचा मुलगा माळ्यावर चढला. ती वर गेली तेव्हा तो बंदुकीच्या नळीत डोळा लावून बसला होता. बंदूक रिकामी होती, म्हणून आज ही गोष्ट सांगता येते. त्या रात्री ताईला झोप लागली नाही. तिच्या वडिलांची पंचाहत्तरी दिवाळीनंतर होती. भावंडांनी ठरवलं, शाल-श्रीफळ राहू दे, आबांना कुलपाचं कपाट करून द्यायचं.

लाकूड कुठलं घ्यावं, हा पहिला प्रश्न. दारातला साग किंवा फणस तोडावा असं वाटेल, पण महाराष्ट्रात साग, फणस, आंबा अशी झाडं आपल्या जागेतली असली तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय ओलं लाकूड कामाचं नाही. एक इंच जाडीची फळी सावलीत, हवेशीर सुकायला साधारण वर्ष लागतं. न सुकलेल्या फळीचं दार पहिल्याच पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात फटी पडतात. त्यांच्याकडे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पडलेल्या पडवीचे सागवानी दरवाजे होते. जुनं, मुरलेलं लाकूड. गावच्या सुतारकाकांनी खिळे काढून रंधा मारला आणि आतून सोनेरी साग निघाला.

आता माप. काडतुसाची बंदूक बहुतेक चार फुटांच्या आतबाहेर असते, ठासणीची त्याहून लांब असू शकते. म्हणून दुसऱ्याचं माप घेऊ नका, घरच्या बंदुकीचं घ्या, आणि तेही परवाना ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच मोजून द्यावं. आबांची बंदूक ४६ इंच भरली. कपाटाची आतली उंची ५२ इंच, रुंदी १२ इंच आणि खोली १० इंच ठेवली. फळ्या एक इंच जाडीच्या, सांधे खोबणीचे, वर स्क्रू. खाली दस्ता टेकायला जाड बनातीचा तुकडा आणि वर नळी अडकायला बनात लावलेली खाच. चामडं लावायचं नाही. चामडं ओल धरतं आणि लोखंड गंजतं.

दाराला काच लावू नका. दुकानातल्या शोभेच्या कपाटाला काच असते, पण बंदूक दिसली की मुलांचा हात शिवशिवतो आणि चोराला पत्ता मिळतो. दार भरीव हवं. चौकट आणि दार यांत एक सूत फट सोडा, म्हणजे पावसाळ्यात दार अडकत नाही. बिजागऱ्या अशा बसवा की दार बंद असताना त्यांचे स्क्रू बाहेरून दिसणार नाहीत. कडी-कोयंडा साध्या स्क्रूने नको, आरपार बोल्ट घालून नट आतल्या बाजूने आवळा. नाहीतर कुलूप कितीही महागाचं असो, पेचकस घेऊन कुणीही कडीच काढून घेईल. आपल्याकडे खारी हवा, म्हणून नट-बोल्ट आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या.

कपाट भिंतीला बांधलेलं हवं, नाहीतर कपाटासकट बंदूक जाते. जांभ्याची भिंत ठिसूळ असते, त्यात साधा खिळा धरत नाही. लांब अँकर बोल्ट चार ठिकाणी, दगडाच्या मध्यात भोक पाडून बसवा, दोन दगडांच्या सांध्यात नको. खाली तीन-चार इंचांचा कट्टा करा, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी लवकर चढत नाही. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. बाहेरून जवसाचं तेल लावलं की सागाला छान रंग येतो. मात्र तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लाकडी कपाट कुऱ्हाडीपुढे टिकत नाही. ते पोराच्या हातापासून आणि रागाच्या भरात उठलेल्या हातापासून वाचवतं, ठरवून आलेल्या चोरापासून नाही. म्हणून ताईच्या भावाने आतून लोखंडी पत्रा ठोकून घेतला. ज्यांना जमेल त्यांनी पोलादी तिजोरीच घ्यावी.

काडतुसं त्या कपाटात ठेवायची नाहीत. त्यांची पेटी वेगळी, कुलूप वेगळं, जागाही वेगळी. ठासणीची बंदूक असेल तर दारू आणि केप चूल, देवघराची समई, गॅस यांपासून लांब. आणि ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. भरलेली तशीच महिनोन् महिने राहते. म्हणून ती कधीही भरून ठेवायची नाही आणि प्रत्येक वेळी भरलेलीच आहे असं समजून वागायचं.

आता खरा प्रश्न, किल्ली कुणाकडे? शस्त्र कायदा १९५९ चा आहे. परवाना एका माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. नवरा परवानाधारक म्हणून बायकोने किंवा मुलाने बंदूक बाळगावी, असं चालत नाही. परवाना घेताना बंदूक सुरक्षित ठेवीन अशी हमी द्यावी लागते. तेव्हा दोन्ही किल्ल्या त्यांच्याकडेच हव्यात. एक अंगावर, दुसरीही कुलपात. देवाच्या फोटोमागे किंवा मिठाच्या बरणीत लपवलेली किल्ली मुलांना आपल्याआधी माहीत असते.

आणि परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नाही. रानडुक्कर असो वा माकड, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा होतो. पिकाचं नुकसान झालं तर लगेच वनखात्याच्या कार्यालयात कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज करा.

घरातला परवानाधारक वारला तर बाईच्या मागे दुखवटा असतो आणि माळ्यावर बंदूक. ‘असू दे, आठवण आहे’ म्हणून ती तशीच ठेवतात. मैत्रिणींनो, परवाना त्या माणसाबरोबर संपला. ती बंदूक उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. वारसाला ती हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करायचा. आपल्या जिल्ह्यात हे काम अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चालतं. निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करायला सांगतात, तेव्हाही पावती घ्या आणि ती परवान्याच्या पुस्तकासोबत जपून ठेवा.

एक अवघड गोष्ट उरते. ज्याच्याकडे किल्ली, तोच दारू पिऊन धमकावत असेल तर? किंवा कर्जाने, आजाराने मनातून खचला असेल तर? तिथे कुठलंही कपाट पुरत नाही. अशा वेळी बंदूक घरात नसणं हाच उपाय. तो शांत असताना, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन, काही दिवस बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याबद्दल बोला. ऐकत नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा. लोकांच्या सुरक्षेला धोका असेल तर परवाना थांबवण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कायद्याने आहे. जिवावर बेतलं तर ११२ फिरवा. महिलांसाठी १८१ आहे. मन खचलेल्या माणसासाठी १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा आहे, तिथे मराठीत बोलता येतं. यात घराची अब्रू जात नाही, घर वाचतं.

कपाट आबांपुढे आणलं तेव्हा ते आधी रागावले. ‘पन्नास वर्षं बंदूक सांभाळली, आता मला शिकवता?’ ताई म्हणाली, ‘आबा, तुम्हाला नाही शिकवत. नातवाला माळ्यावर पाहिलं होतं मी.’ ही गोष्ट तोवर तिने त्यांना सांगितलीच नव्हती. आबा बराच वेळ गप्प बसले. मग उठून स्वतः बंदूक आणली, रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, आत ठेवली आणि किल्ली करगोट्याला बांधली. दुसऱ्या दिवशी काडतुसांच्या पेटीसाठी वेगळं कुलूप आणायला ते आपणहून बाजारात गेले.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढंच विचारा, आपल्या किंवा माहेरच्या घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का, आणि परवाना ज्यांच्या नावावर आहे ते हयात आहेत का? उत्तर ऐकून जीव दचकला, तर सुतारकाकांना निरोप धाडा. नाहीतर पोलीस ठाण्याची वाट धरा, आम्ही सोबत येऊ.