मेंदूतल्या डागांची मोजदाद

पनवेल तालुक्यात कामोठ्याला एमजीएमचं वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ‘ॲक्ट्रेक’. दोन्हीकडे पॅथॉलॉजीचं काम मायक्रोटोमवाचून अडतं. मेणात बसवलेल्या ऊतीचा ब्लॉक यंत्रावर चढवायचा, चाक फिरवायचं, की पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याचे, काप एकमेकांना चिकटून पट्टीसारखे बाहेर येतात. कोमट पाण्यावर पसरवून ते काचेवर उचलायचे. गाठ असो वा अपेंडिक्स, रीत हीच. मेंदू प्रिऑनच्या आजाराने गेलेल्या माणसाचा असला, तर मात्र याच रोजच्या कामात जोखीम शिरते.

फॉर्मेलिनमध्ये बहुतेक जंतू मरतात. प्रिऑन मरत नाही, कारण मुळात तो जंतूच नव्हे. ते शरीरातलंच, पण वाकडी घडी पडलेलं प्रथिन. शेजारच्या सरळ प्रथिनांनाही ते आपल्यासारखं वाकवत जातं. म्हणून असे तुकडे मेणात बसवण्याआधी तासभर तीव्र फॉर्मिक आम्लात ठेवतात. हत्यारांना कॉस्टिक सोडा किंवा 134 अंशांचा ऑटोक्लेव्ह. एवढी व्यवस्था प्रत्येक रुग्णालयाला झेपत नाही. भारतात या कामाचं जुनं ठिकाण म्हणजे बेंगळुरूचं निम्हान्स. तिथल्या डॉ. पी. सतीशचंद्र आणि डॉ. एस. के. शंकर यांनी 1971 ते 1990 या काळातल्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब या प्रिऑन आजाराच्या भारतीय रुग्णांचा आढावा 1991 मध्ये प्रसिद्ध केला. तिथली मानवी मेंदूपेढी 1995 पासूनची. जगभर हा आजार वर्षाला दहा लाखांत एखाद-दोघांना होतो. त्या हिशेबाने आपल्याकडे दरवर्षी हजाराच्या वर रुग्ण असायला हवेत. नोंदीत येतात ते फारच थोडे, आणि शवविच्छेदनापर्यंत पोचणारे त्याहून कमी.

काचेवर दिसतं काय? मेंदूत बारीक पोकळ्या पडून तो स्पंजासारखा झालेला असतो. काही मेंदूंत या प्रथिनाचे साठेही दिसतात, तेच प्लाक. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधल्या कुरू रोगात ते गोल, घट्ट असत. 1996 मध्ये ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’शी जोडलेला क्रॉइट्झफेल्ट-याकोबचा नवा प्रकार उघड झाला, तेव्हा एडिंबरोच्या पॅथॉलॉजिस्टांना मध्ये गाभा आणि भोवती पोकळ्यांचं कडं असे प्लाक जागोजाग आढळले. रोगाची ती ओळखखूणच ठरली.

मोजायचं म्हटलं की आधी रंग. निरोगी मेंदूतही हे प्रथिन सरळ रूपात असतंच, त्यामुळे अँटीबॉडी लावण्याआधी आम्ल, उष्णता आणि प्रोटिनेज के या विकराने सरळ प्रथिन शक्य तितकं हटवतात. मग उरलेलं तपकिरी उमटतं. स्लाइड स्कॅन होते आणि संगणक तपकिरी ठिपके वेगळे काढतो. इथे यंत्राची अक्कल संपते. किती गडद म्हणजे तपकिरी, दोन चिकटलेले डाग एक की दोन, किती लहान ठिपका सोडून द्यायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. उंबरठा जरा हलवला किंवा रंग कमीजास्त चढला, की आकडा हलतो. म्हणून एका अभ्यासातल्या सगळ्या स्लाइड एकाच खेपेत रंगवणं बरं.

डागांनी व्यापलेलं क्षेत्रफळ मोजण्यामागचं सूत्र एका भूवैज्ञानिकाचं आहे, हे वाचून गंमत वाटते. फ्रान्सच्या देलेस यांनी 1847 मध्ये दाखवलं, की खडकाच्या सपाट कापावर एखादं खनिज जेवढा हिस्सा व्यापतं, तेवढाच त्याचा घनफळातला हिस्सा असतो. पनवेलच्या खाणीतल्या काळ्या दगडाला लागू पडणारा हा नियम मेंदूलाही लागू पडतो. अट एकच : काप सोयीचा नव्हे, यदृच्छया निवडलेला हवा.

डागांची संख्या मोजणं त्याहून फसवं. मोठा प्लाक सुरीखाली सापडण्याची शक्यता लहानापेक्षा जास्त, त्यामुळे नुसते मोजले तर मोठ्यांचा भरणा होतो. त्यावरचा ‘डायसेक्टर’ हा उपाय 1984 मध्ये ‘डी. सी. स्टेरिओ’ या नावाने छापून आला. रोमन लिपीतली त्या उपायाचीच अक्षरं फिरवून घेतलेलं ते टोपणनाव होतं! लगतचे दोन काप घ्यायचे आणि एकात असलेला, दुसऱ्यात नसलेला डागच मोजायचा. मग आकाराचा पक्षपात उरत नाही.

इतकं करूनही, प्लाक जास्त म्हणजे रोग जास्त असं समीकरण मांडता येत नाही. सर्वाधिक आढळणाऱ्या, अवचित उद्भवणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोबमध्ये बहुतेक मेंदूंत ठळक प्लाक नसतातच. प्रथिन चेतासंधींभोवती धुरकट पसरलेलं असतं आणि रुग्ण तरीही काही महिन्यांत जातो. तिथे डाग मोजत बसण्यापेक्षा प्रथिनाचा प्रकार वेस्टर्न ब्लॉटने तपासणं उपयोगाचं, आणि त्याला गोठवलेली ऊती लागते. म्हणून मेंदू हाती येताच, फॉर्मेलिनची बरणी उघडण्याआधी, काही भाग उणे 80 अंशांच्या फ्रीजरसाठी बाजूला काढावा लागतो.