डोंगरावरील सायकलची वाट व पावसाचें पाणी

पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यांतील तरुण सुटीच्या दिवशीं जाड टायरांच्या सायकली घेऊन भोवतालच्या डोंगरउतारांवर जाऊं लागले आहेत. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत रूढ झालेला हा खेळ होय. आपल्या मालकीच्या पडीक उतारावर अशा वाटा आखून शुल्क घ्यावें, असें कित्येक शेतकरी बंधूंच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु उभ्या उतारानें काढलेली वाट म्हणजे पावसाळ्यांतील ओहोळच होय. चाकांनीं सैल झालेला मुरूम जून ते सप्टेंबरच्या पावसांत वाहून खालच्या शेतांत येतो, आणि थोड्याच वर्षांत वाटेची घळ बनते.

उपाय आपणांस नवा नाहीं. आपण ताल उताराला आडवी घालतों, तशीच वाटही आडवी न्यावी. तिचा चढ डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून कमी, व सरासरीनें शंभर फुटांस दहा फुटांच्या आंत असावा. तीन फूट रुंद वाटेची दरीकडील कड सुमारें दोन इंच खालीं ठेवावी, म्हणजे पाणी न सांचतां पसरून उतरतें. मधून मधून वाट किंचित् खालीं नेऊन पुन्हां वर चढवावी. त्या खोलगट जागीं पाणी बाहेर पडतें.

मृगापूर्वीं कडेस सांचलेला मातीचा वरंबा काढून टाकावा, आणि जमीन ओली असेतों वाट बंद ठेवावी. त्या दिवसांचें शुल्क बुडेल खरें. पण तें पुढें भरून निघतें, वाहून गेलेली माती मात्र परत येत नाहीं.