पाठ केलेलं उत्तर आणि स्वतः लिहिलेला निबंध

बालाघाटच्या मराठी घरांत मुलांची इंग्रजी ही दुसरी नव्हे, बहुधा तिसरी भाषा असते. घरी मराठी किंवा पोवारी, शाळेत हिंदी आणि मग जबलपूर-नागपूरकडे पुढच्या शिक्षणाला गेल्यावर इंग्रजी. बारावीला उत्तम गुण मिळवलेलं मूल तिथं पहिल्याच असाइनमेंटला अडखळतं आणि आपण घरचे म्हणतो, "इंग्रजी कच्चं आहे."

पण अडचण नुसत्या इंग्रजीची नसते. शाळेत पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की शाबासकी मिळते. विद्यापीठात तीच गोष्ट चोरी ठरू शकते. आपलं वाक्य चुकेल या धास्तीनं मुलं छापील वाक्यं उचलतात. त्यात लबाडी नसते, पण नियम कडक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

मग लिहायचं कसं? आपल्याच राज्यातल्या महू इथं जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण पाहा. घरची भाषा मराठी. मे १९१६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर इंग्रजीतून निबंध वाचला. त्यात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या नावानिशी मांडल्या, एकेक तपासली आणि मग स्वतःचं म्हणणं सांगितलं. दुसऱ्याचं मत, त्याची पारख, मग आपलं मत. अभ्यासू लेखनाचा गाभा एवढाच आहे. पुढं लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंधही एकदा फेरलेखनासाठी परत आला होता. १९२३ मध्ये तो मान्य झाला. तेव्हा लाल शेरे घेऊन परतलेला कागद म्हणजे नापास नव्हे, हे मुलांना जरूर सांगावं.

मुलांनी वाचताना लेखकाचं नाव आणि पानाचा क्रमांक लगेच टिपून ठेवावा. मग पुस्तक मिटून, समजलेलं आधी आपल्या भाषेत बोलावं आणि तेच छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहावं. एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवावा. व्याकरण शेवटी तपासावं, आणि कच्चा मसुदा मुदतीआधी प्राध्यापकांना दाखवावा.

यात इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांनाही काम आहे. रविवारच्या फोनवर "जेवलास का?" विचारून झालं की आणखी तीन प्रश्न विचारा: "काय वाचलंस? ते कोण म्हणतं? आणि तुला ते पटलं का?" मुलाला मराठीत नीट उत्तर देता आलं, तर त्याचा अर्धा निबंध तयार झाला म्हणून समजा.